निर्णय माणसाचा, जबाबदारी कोणाची?

निफाड तालुक्यातल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या खळ्यावर सरकारने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कांदा सापडला, तर जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. या कायद्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये घाऊक व्यापाऱ्यासाठी ही मर्यादा ५०० क्विंटल होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती २५ टनांवर आली, म्हणजे जेमतेम एका मोठ्या ट्रकभर माल. दुसरीकडे, देशभर माल विकणाऱ्या तीन बड्या कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी सात-आठ वर्षे गुपचूप भेटत राहिले, भाव कधी आणि किती वाढवायचे हे आपसांत ठरवत राहिले आणि ते पुराव्यानिशी सिद्ध झाले, तरी स्पर्धा अधिनियम, २००२ खाली त्या कृत्यासाठी त्यांच्यापैकी कोणालाही एका दिवसाचीही कैद होत नाही. होतो तो दंड, आणि त्यातला मोठा वाटा कंपनीवर बसतो.

ही तफावत या पुस्तकाच्या मुळाशी आहे. बाजारातली स्पर्धा संगनमताने मारली जाते तेव्हा निर्णय घेणाऱ्या माणसाची व्यक्तिशः जबाबदारी किती, ती कायद्याने कशी ठरवायची आणि त्याला शिक्षा कोणती द्यायची, हा पुढच्या पानांचा विषय आहे. मराठीत या विषयावर फारसे लिहिले गेलेले नाही. स्पर्धा कायदा म्हणजे दिल्लीतल्या वकिलांचा आणि मुंबईतल्या कंपन्यांचा मामला, असा आपला समज आहे. वास्तविक लिलावात उभा असलेला शेतकरी, सिमेंटची गोणी घेणारा घरमालक, औषधाच्या दुकानातला ग्राहक आणि महापालिकेला घरपट्टी भरणारा नागरिक यांच्या खिशाला रोज हात घालणारा हा विषय आहे. म्हणून ही प्रस्तावना वाचकाला विषयाच्या दारापर्यंत नेण्यापुरती न ठेवता थोडी विस्ताराने लिहीत आहे.

आधी गुन्ह्याचे स्वरूप पाहू. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या विक्रेत्यांनी किंवा खरेदीदारांनी भाव ठरवून घेणे, माल रोखून धरणे, गावे-जिल्हे-ग्राहक वाटून घेणे आणि निविदांमध्ये कोणाचा नंबर लावायचा ते आधीच ठरवणे, या चार गोष्टी स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ मध्ये मोडतात. यालाच कार्टेल म्हणतात. ठेकेदारांच्या बोलीत ‘रिंग’ झाली, ‘टेंडर मॅनेज’ झाले, असे म्हणतात ते हेच. अशा कराराने बाजाराचे नुकसान झाले असे कायदा गृहीतच धरतो आणि तसे झाले नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोप असलेल्यावर येते.

हा विचार आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात, एकत्र येऊन माल अडवून धरणाऱ्या किंवा अवाजवी भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना एक हजार पण दंड सांगितला आहे. तो दंड थेट व्यापाऱ्याच्या डोक्यावर होता, कारण त्याच्या आणि राजाच्या मध्ये कंपनी नावाची दुसरी कायदेशीर व्यक्ती उभी नव्हती. कंपनी आली आणि भांडवल उभे करणे सोपे झाले, धोका वाटला गेला, हजारो लोकांची बचत उद्योगात आली. यात समाजाचे भलेच झाले. पण निर्णय घेणारा हात आणि त्याचे परिणाम भोगणारा खिसा वेगळे झाले, तेही त्याच वेळी.

नाशिककराला हा प्रश्न सर्वांत आधी भेटतो तो कांद्यात. लासलगावची बाजार समिती १९४७ पासून चालते आणि कांद्याच्या देशभरच्या भावाला तिच्या लिलावाची दिशा लागते. तिथला लिलाव जवळून पाहण्यासारखा असतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागलेले असतात. बाजार समितीचा कर्मचारी आणि त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. कोणी मूठभर कांदा उचलून दाबून पाहतो, कोणी पत्ती आणि रंग पाहतो, कोणी आतला माल वर काढायला लावतो. बोली क्विंटलमागे पुकारली जाते, पन्नास-शंभर रुपयांनी चढते आणि काही क्षणांत थांबते. भाव पटला नाही तर शेतकऱ्याला माल परत नेण्याचा हक्क आहे. पण भाडे भरलेले असते, चाळीतला उन्हाळ कांदा कोंब धरू लागलेला असतो आणि पुढच्या बाजारातही बहुधा तेच चेहरे असतात. बोली लवकर थांबली ती माल तसाच होता म्हणून, पुढे मागणी नव्हती म्हणून, की आधीच ठरले होते म्हणून? ट्रॉलीशेजारी उभ्या शेतकऱ्याला हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या किरकोळ बाजारात कांदा किलोला ८० रुपयांच्या घरात गेला तेव्हा हा प्रश्न देशाचा झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेकडून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला. तो अहवाल २०१२ मध्ये आला. मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती एकवटलेली खरेदी, त्यांच्यातले जुने संबंध आणि नव्या व्यापाऱ्याला बाजारात शिरताना येणारे अडथळे यांवर त्याने बोट ठेवले. पण संशय आणि सिद्धता यांत मोठे अंतर असते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवारात बसणाऱ्यांना भाव ठरवायला बैठक घ्यावी लागत नाही. आणि एकाच वेळी एकसारखा भाव पुकारणारे सगळेच दोषी असतात असेही नाही. याच बाजारात सरकारही भाव पाडते. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. शुल्काविरुद्ध व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले तेव्हा शेतकरी दोन्ही बाजूंनी भरडला गेला. म्हणून ‘सगळे व्यापारी चोर’ म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. व्यक्तीला जबाबदार धरायचे तर तिने नेमके काय केले हे दाखवता आले पाहिजे. ती जबाबदारी आरोप करणाऱ्याची आहे, आणि ती जड आहे.

कंपन्यांच्या जगात मात्र पुरावा पुष्कळदा सापडतो, कारण तिथे माणसे लिहितात. ई-मेल असतात, मोबाइलवरचे संदेश असतात, संघटनेच्या बैठकांची टिपणे असतात, विमानाची तिकिटे आणि हॉटेलची बिले असतात. टॉर्चच्या सेलचे प्रकरण घ्या. रात्रीची वीज आली की बॅटरी हातात घेऊन पाणी धरायला निघणारा आपल्याकडचा शेतकरी वर्षानुवर्षे ज्या सेलवर अवलंबून होता, त्याचा भाव एव्हरेडी, इंडो नॅशनल आणि पॅनासॉनिक या तीन कंपन्या २००८ पासून संगनमताने ठरवत होत्या, असा निष्कर्ष आयोगाने १९ एप्रिल २०१८ च्या आदेशात काढला. पॅनासॉनिकने स्वतःहून कबुली दिली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये धाडी पडल्या, कागदपत्रे मिळाली. एव्हरेडीला १७१.५५ कोटी आणि इंडो नॅशनलला ४२.२६ कोटी रुपये दंड झाला, कबुली देणाऱ्या पॅनासॉनिकला पूर्ण सूट मिळाली. महत्त्वाचे म्हणजे, आयोग कंपन्यांवर थांबला नाही. व्यवहारात हात असलेल्या अधिकाऱ्यांवरही त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात दंड बसला आणि पॅनासॉनिकच्या अधिकाऱ्यांना कंपनीबरोबर सूट मिळाली. सप्टेंबर २०२१ मधल्या बिअर प्रकरणातही, ज्यात युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटींचा दंड झाला, अधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरले गेले.

हे ज्या कलमाने घडते ते कलम ४८. या पुस्तकाचा कणाच ते आहे, म्हणून त्याची रचना इथे सांगून ठेवतो. कंपनीने उल्लंघन केले तर त्या काळात तिच्या कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती होती आणि जो त्यासाठी कंपनीला जबाबदार होता, तो प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. ‘हे माझ्या नकळत घडले’ किंवा ‘टाळण्यासाठी मी पुरेपूर काळजी घेतली होती’ हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो. कलमाचा दुसरा भाग त्याहून पुढे जातो. एखाद्या संचालकाच्या, व्यवस्थापकाच्या, सचिवाच्या किंवा अन्य अधिकाऱ्याच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणाने हे घडले असे दिसले तर तोही जबाबदार ठरतो. मग कारभाराची सूत्रे त्याच्या हाती असोत वा नसोत. शिवाय या कलमापुरते ‘कंपनी’त भागीदारी फर्म आणि व्यक्तींची संघटनाही येते. म्हणजे मुंबईतल्या महाकाय कंपनीचा संचालक आणि तालुक्याच्या गावातल्या व्यापारी संघटनेचा अध्यक्ष एकाच कलमाखाली येतात. २०२३ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा स्पष्ट केली. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि कार्टेल असेल तर ते चालू असलेल्या प्रत्येक वर्षासाठी त्या वर्षाच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी तर एक निकाल नीट वाचावा. केरळमधल्या चित्रपटगृहचालकांच्या महासंघाने क्राऊन थिएटर नावाच्या एका चित्रपटगृहाला चित्रपट मिळू नयेत म्हणून वितरकांवर दबाव आणला, असे आयोगाने २०१५ मध्ये ठरवले. महासंघाबरोबर त्याच्या दोन पदाधिकाऱ्यांनाही दंड केला आणि दोन वर्षे संघटनेच्या कारभारापासून दूर राहण्यास सांगितले. अपील न्यायाधिकरणाने पदाधिकाऱ्यांपुरता हा भाग रद्द केला होता. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश पुन्हा कायम केला. ‘मी केवळ संघटनेचा निर्णय राबवला’ ही सबब इथून पुढे टिकणे अवघड आहे. गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध २०१२ मध्येच आदेश झाला होता. नवा वितरक नेमायचा तर आधी संघटनेचे ना-हरकत पत्र घ्यायचे, ही औषध व्यापारातली जुनी प्रथा त्यात मोडीत निघाली. आपल्या जिल्ह्यात ज्या संघटना आहेत, मग त्या व्यापाऱ्यांच्या असोत, वाहतूकदारांच्या असोत वा बिल्डरांच्या, त्यांच्या कार्यकारिणीने ठराव करताना हे ध्यानात ठेवावे. सरकारकडे मागणी करणे हा संघटनेचा हक्क आहे. सभासदांनी किती भाव घ्यावा हे ठरवणे तिच्या अधिकारात येत नाही.

मग कैद आहे कुठे? स्पर्धा अधिनियमात ती कलम ४२ मध्ये आहे, आणि तीही आयोगाचा आदेश किंवा दंड जुमानला नाही तर. त्यासाठी दिल्लीच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार जाते आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे आपला कायदा लोकांना लुबाडल्याबद्दल तुरुंगात पाठवत नाही, आयोगाचे ऐकले नाही तर पाठवतो. सरकारी निविदेत लबाडी झाली तर फसवणूक आणि कटाच्या सर्वसाधारण फौजदारी कलमांखाली गुन्हा नोंदवता येतो आणि सरकारी नोकर सामील असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही लागतो. पण तो तपास वेगळ्या यंत्रणेचा, वेगळ्या वाटेने जाणारा. कार्टेल हाच गुन्हा, असे आपल्या फौजदारी कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

अमेरिकेने ही वाट फार आधी धरली. १८९० च्या शर्मन कायद्यात संगनमत हा पहिल्या दिवसापासून गुन्हा होता, पण मोठ्या उद्योगांच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष तुरुंग दिसायला १९६१ साल उजाडावे लागले. जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाऊस आणि इतर कंपन्यांनी वीजयंत्रांच्या निविदा वाटून घेतल्या होत्या. कोणी केव्हा सर्वांत कमी बोली लावायची हे ठरवण्यासाठी त्यांनी चंद्राच्या कलांवरून नाव घेतलेली एक पाळीची पद्धत बसवली होती. फिलाडेल्फियातले न्यायाधीश कलन गेनी यांनी सात अधिकाऱ्यांना ३० दिवसांसाठी तुरुंगात धाडले. शिक्षा लहान होती. पण ते सगळे प्रतिष्ठित, चर्चमध्ये जाणारे, गावात मान असलेले गृहस्थ होते, आणि असा माणूस तुरुंगात जाऊ शकतो हे अमेरिकेच्या उद्योगजगताने तेव्हा पाहिले. पुढे १९७४ मध्ये हा गुन्हा गंभीर श्रेणीत गेला आणि २००४ मध्ये कमाल शिक्षा दहा वर्षांची झाली. जून २०२० मध्ये डबाबंद ट्यूना मासा विकणाऱ्या बम्बल बी कंपनीचे माजी मुख्याधिकारी क्रिस्टोफर लिशेव्स्की यांना भाव ठरवल्याबद्दल ४० महिन्यांची शिक्षा झाली. शाळकरी मुलांच्या डब्यात जाणाऱ्या स्वस्त माशासाठी झालेली ही शिक्षा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटनचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे २००२ च्या एंटरप्राइझ कायद्याने कार्टेलसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणली. २००८ मध्ये जहाजांच्या तेलवाहू नळ्यांच्या प्रकरणात तीन जणांना शिक्षा झाली. पण पुढे खटले मोजकेच उभे राहिले आणि २०१५ मध्ये पाण्याच्या टाक्यांच्या प्रकरणात ज्यूरीने दोन आरोपींना निर्दोष सोडले. तिथे जास्त उपयोगी पडले ते दुसरे हत्यार. स्पर्धा कायदा मोडणाऱ्या संचालकाला १५ वर्षांपर्यंत कोणत्याही कंपनीचे संचालकपद भूषवण्यास मनाई करता येते. ऑनलाइन पोस्टर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या संचालकावर डिसेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची अशी पहिली बंदी आली. आपल्या कंपनी अधिनियमात किमान सहा महिन्यांची कैद झालेल्या माणसाला पाच वर्षे संचालक होता येत नाही. पण स्पर्धा आयोगाचा दंड ही फौजदारी शिक्षा नव्हे. त्यामुळे दंड भरलेला अधिकारी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या मंडळावर बसू शकतो.

कैदेच्या विरोधात जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे आणि ते बाजूला सारून चालणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचे प्रकरण पाहा. इंडियन ऑइलच्या निविदेत उत्पादकांनी एकसारखे दर भरले, त्याच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईच्या एका हॉटेलात त्यांच्या बैठका झाल्या होत्या, आणि आयोगाने २०१२ मध्ये त्या कंपन्यांना दंड केला. १ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्या बाजारात खरेदीदार मुळी तीनच सरकारी तेल कंपन्या आहेत, तिथे दर सारखे येण्याला संगनमताशिवाय दुसरी कारणेही असू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. दंडाच्या खटल्यात जे पुरेल ते कैदेच्या खटल्यात पुरणार नाही. दुसरी अडचण कबुलीची. कार्टेल बहुतेक वेळा आतूनच फुटते, आणि कबुली देणाऱ्याला तुरुंगाची भीती राहिली तर तो तोंड उघडणार नाही. तिसरी भीती मला सर्वांत खरी वाटते. शिक्षा खालच्या विक्री व्यवस्थापकाला होईल आणि ज्याने दर तिमाहीला ‘भाव वाढलाच पाहिजे’ असा तगादा लावला तो वरचा माणूस नामानिराळा राहील.

तरीही केवळ कंपनीच्या दंडाने भागत नाही, हे आपल्या अनुभवातून दिसते. अन्न महामंडळाच्या गोदामांतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून लागणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी २००९ मध्ये तीन कंपन्यांनी एकच दर भरला, किलोला ३८८ रुपये. त्यात एक्सेल क्रॉप केअर आणि युनायटेड फॉस्फरस या महाराष्ट्राला परिचित कंपन्या होत्या. आयोगाने युनायटेड फॉस्फरसला २५२ कोटींचा दंड केला. दंड संपूर्ण उलाढालीवर नव्हे, त्या मालापुरत्या उलाढालीवर मोजावा, असे अपिलात ठरले आणि ती रक्कम सात कोटींच्या आत आली. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१७ ला संगनमताचा निष्कर्ष आणि दंड मोजण्याची ती पद्धत, दोन्ही उचलून धरले. सिमेंटच्या ११ कंपन्या आणि त्यांची संघटना यांना जून २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला. तो आदेश सुनावणीतल्या दोषामुळे २०१५ मध्ये रद्द झाला, २०१६ मध्ये नव्याने झाला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने कायम केला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनीला एवढी वर्षे पेलता येतात. तिचा दंड अखेर भागधारकांच्या लाभांशातून आणि ग्राहकांच्या बिलातून वसूल होतो. ज्याने फोन उचलून समोरच्या कंपनीतल्या आपल्या जोडीदाराला भाव सांगितला, तो तोवर निवृत्त झालेला असतो.

म्हणून मला जे मनापासून सांगायचे आहे ते असे. पहिले, व्यक्तीला झालेला दंड व्यक्तीनेच भरला पाहिजे. कंपनीने तो आपल्या तिजोरीतून भरून देण्याला स्पर्धा अधिनियमात स्पष्ट मनाई नाही, ती यायला हवी. दुसरे, कार्टेलमध्ये जाणूनबुजून सामील झालेल्या संचालकाला काही वर्षे संचालकपद बंद व्हावे. ही शिक्षा तुरुंगापेक्षा सिद्ध करायला सोपी आणि त्या वर्तुळात दंडापेक्षा जास्त झोंबणारी आहे. तिसरे, सार्वजनिक निविदा, अन्न आणि औषधे यांत लपूनछपून, ठरवून केलेल्या संगनमतासाठी कैदेची तरतूद असावी. तो खटला न्यायालयात चालावा, गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा, आधी येऊन खरे सांगणाऱ्याला त्यातून संरक्षण मिळावे आणि निर्णय जिथे झाला त्या पायरीपर्यंत तपास चढावा. चौथे, साठ्याच्या मर्यादेपायी खळ्यावरच्या माणसाला तुरुंग दाखवणारा कायदा आणि संगनमतापायी कोट्यवधींची लूट करणाऱ्याला दंडावर सोडणारा कायदा एकाच देशात नांदू नयेत. शिक्षा केलेल्या नुकसानीच्या तोलाची असावी.

हे सगळे संसदेवर सोडून आपण स्वस्थ बसावे असे नाही. पुण्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये रिंग झाल्याची माहिती नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या संस्थेने स्पर्धा आयोगाला दिली. चौकशीत असे निघाले की, स्पर्धा दिसावी म्हणून ओळखीच्या फर्मच्या नावाने दाखवण्यापुरत्या निविदा भरल्या गेल्या होत्या. त्यांतल्या काहींचा कचऱ्याच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. एकामागून एक कबुल्या आल्या आणि २०१८ च्या आदेशांत फर्मबरोबर त्या चालवणाऱ्या माणसांनाही कलम ४८ खाली दंड झाला. एका शहरातल्या जागरूक नागरिकांनी कागद वाचले म्हणून हे घडले.

नाशिकपुढे २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, पूल, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वाहनतळ अशा कामांच्या निविदा मोठ्या संख्येने निघतात आणि घाई असते. घाईत स्पर्धा दुबळी पडते, हे कुठल्याही शहरात खरे आहे. कोणावर संशय घेण्यासाठी मी हे लिहीत नाही, लक्ष ठेवण्यासाठी लिहितो. निविदांचे तुलनात्मक तक्ते मिळवा आणि वाचा. तेच दोन-तीन ठेकेदार आळीपाळीने पहिले येतात का, हरणाऱ्यांचे दर ठरावीक टक्क्यांनीच वर असतात का, हरलेला ठेकेदार पुढे त्याच कामात पोटठेकेदार म्हणून उभा राहतो का, वेगवेगळ्या निविदांमध्ये त्याच चुका दिसतात का, अनामत रकमेचे धनाकर्ष एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे आहेत का, हे पाहायला कायद्याची पदवी लागत नाही. कोणीही व्यक्ती, ग्राहक संघटना किंवा सहकारी संस्था आयोगाकडे माहिती दाखल करू शकते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करू शकते. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून साधारणपणे तीन वर्षांच्या आत जायला हवे.

सातपूर-अंबडच्या उद्योजकांसाठीही इथे काही आहे. आपल्यापैकी अनेक जण मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात आणि कच्चा माल मोठ्या कंपन्यांकडूनच घेतात. वरचे आणि खालचे दोन्ही भाव आपल्या हातात नसतात. संगनमताचा मार सर्वांत आधी अशा मधल्या उद्योजकाला बसतो, आणि संगनमतात ओढलाही तोच जातो. ‘आमचाही एक दर भरून ठेव, नाव तुझे लागते फक्त’ अशी गळ घातली जाते, आणि मैत्रीखातर सही होते. पुण्याच्या प्रकरणात अशाच सह्यांबद्दल दंड झाला. असा फोन आला तर नकार द्यावा, नकार लेखी कळवावा आणि तो कागद जपून ठेवावा. ‘पुरेपूर काळजी घेतली’ हा बचाव पुढे अशाच कागदावर उभा राहतो.

पुढच्या प्रकरणांत कायद्याची कलमे, महत्त्वाचे निकाल आणि चौकशीची पद्धत क्रमाने येतील. वाचकाने ती वाचताना एक प्रश्न सतत स्वतःला विचारावा, की या प्रकरणात निर्णय घेणारा माणूस कोण होता आणि कायदा त्याच्यापर्यंत पोहोचला का? कंपनी स्वतः बैठकीला जात नाही, फोन करत नाही, निविदेचा आकडा लिहीत नाही. ते करणारा माणूस जोवर स्वतः उत्तर द्यायला उभा राहत नाही, तोवर दंड हा धंद्यातल्या अनेक खर्चांपैकी एक खर्च राहील. बाजार समितीच्या सभापतीपासून कंपनीच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येकाने आपल्या सहीची जबाबदारी घ्यावी, एवढी साधी अपेक्षा धरायला कायदा लागतो, आणि तो कायदा राबवून घ्यायला वाचणारे, विचारणारे, तक्रार करणारे नागरिक लागतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

नाशिक